छत्री मी भरली होती

माझ्या भावाच्या पायाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, आईमुळे नाही. हे मी आधीच लिहून टाकते. नाहीतर मी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. त्यात मी पटाईत आहे, वर्षानुवर्षं तेच केलंय.

छत्री म्हणजे पॅरॅशूट. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात सगळे छत्रीच म्हणायचे. विमानातून सामान खाली टाकायच्या मोठ्या गोल छत्र्या आमच्याकडे शिवायला यायच्या. मी अकरावीनंतर तिथे शिलाईवर लागले आणि चार वर्षांत भरायच्या टेबलावर गेले. शिवणं निराळं आणि भरणं निराळं. शिवताना चूक झाली तर उसवता येते. भरतानाची चूक पिशवीचं तोंड बंद झालं की कोणाला दिसत नाही, दिसते ती छत्री उघडेल तेव्हाच. म्हणून प्रत्येक पिशवीत भरणारीच्या नंबरची चिठ्ठी असायची. माझा नंबर सात. आमचे सुपरवायझर म्हणायचे, "बायांनो, ही घेऊन आपल्यालाच उडी मारायचीय असं समजून भरा." आम्ही हसायचो. आमच्या छत्र्यांना तांदळाची पोती लटकणार होती, आणि पोती काही तक्रार करायला येत नाहीत.

पण माझा हात चांगला होता, उगाच खोटा विनय कशाला करू? साडीच्या निऱ्या घालाव्यात तशा कापडाच्या घड्या, दोऱ्या सरळ, कुठे पीळ नाही. सात नंबरच्या चिठ्ठीची छत्री कधी परत आली नाही. त्याचा मला माज होता. आई म्हणायची, "हिच्या नाकावर राग आणि बोटांवर माज." मी म्हणायचे, "असणारच. काम येतं म्हणून आहे."

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. वडील लवकर गेले. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आई, तो आणि मी. कॉलेजात असताना छात्रसेनेतून त्याची निवड होऊन तो उत्तरेत लष्कराच्या छावणीत गेला आणि पाच उड्या मारून आला. त्या गोल छत्रीचा पट्टा विमानातच अडकवलेला असतो, माणूस दारातून बाहेर पडला की ती आपोआप उघडते. "म्हणजे तू काय केलंस? पडलास!" असं मी त्याला चिडवायचे. आईला मात्र त्याने फोटो दाखवून सगळं समजावलेलं. पाठीवर मोठी छत्री, छातीवर राखीव. "आणि ही लोखंडी कडी दिसते ना आई, ही ओढली की राखीव उघडते. हिला कोणी हात लावायचा नाही." आईने ते पाठ केलं आणि बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना सांगून झालं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. फौजदारकीची लेखी परीक्षा तो पास झालेला, मैदानी व्हायची होती. आईने मनातल्या मनात त्याला खाकी चढवूनही टाकलेली.

नौपाड्यात काही पोरांचा एक साहसी खेळांचा क्लब होता. किल्ले चढायचे, दोरावरून उतरायचे, रविवारी घरी थांबायचं नाही. भाऊ त्यांच्यात जायचा. त्यांच्यातला एक जण गल्फमध्ये नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तो बरोबर एक वापरलेली छत्री घेऊन. पण ती गोल नव्हती, चौकोनी होती. गादीच्या खोळीला कप्पे शिवावेत तशी कप्प्याकप्प्यांची, त्यांत हवा भरली की पंखासारखी ताठ होणारी. क्लबातल्या कोणीच तसली छत्री आधी पाहिली नव्हती. त्या वर्षी शहाडच्या पुढे मोकळ्या रानात एक क्रीडा महोत्सव व्हायचा होता आणि उद्घाटनाला आकाशातून माणूस उतरणार अशी पत्रकं छापून वाटलीसुद्धा. एका हौशी बिल्डरने मुंबईहून छोटं विमान भाड्याने ठरवून दिलं. उडी तो गल्फवाला मारणार होता.

आणि नवरात्रात सातव्या माळेला तो गरबा खेळताना पाय मुरगळून बसला. घोट्याला प्लास्टर.

झालं, आमचं ध्यान पुढे सरसावलं. "मी मारतो." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आधीच्या पाच उड्या आपोआप उघडणाऱ्या छत्रीच्या. हिच्यात विमानातून बाहेर पडल्यावर स्वतः तीनपर्यंत मोजायचं, मग उजव्या मांडीच्या पट्ट्यावरच्या खिशाची चामड्याची मूठ ओढून आतली छोटी छत्री वाऱ्यावर फेकायची आणि ती मोठीला बाहेर ओढणार. गल्फवाल्याने त्याला खुर्चीत बसूनच शिकवलं. वर म्हणाला, "तुझ्या ताईला घेऊन ये. भरायला मी बसल्या जागेवरून सांगतो. मला विचारल्याशिवाय हात लावायला सांगू नकोस तिला, ही काय ताडपत्री नाही."

एवढ्यावर थांबायचं की नाही? पण आमच्या शहाण्याने घरी येऊन ते मला जसंच्या तसं सांगितलं. हसत हसत. त्याला वाटलं मीही हसेन.

माझं टाळकंच सरकलं. ताडपत्री? मी सहा वर्षं छत्र्या भरत होते आणि हा पाय मोडून बसलेला माणूस मला ताडपत्री म्हणणार? मी म्हटलं, "त्याला म्हणावं, तू गरबाच खेळ. मी नौपाड्याला वगैरे येणार नाही. छत्री इकडे आण." त्याने आणली. पिशवीबरोबर इंग्रजी कागदांची झेरॉक्स होती, आकृत्या काळ्या पडलेल्या, मधली दोन पानं गायब. ती गायब आहेत हे मला दिसलं होतं. मी काही बोलले नाही.

अष्टमीच्या दुपारी आमच्या मजल्याच्या सामाईक गॅलरीत चटया टाकून मी ती पसरली. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "काय गं, मंडप घालताय का?" कापड बघून मी मनातून चपापले. इतकं तलम, निसटतं कापड मी कधी हाताळलं नव्हतं. घडी घातली की घडी पळत होती. पण माझ्या तोंडावर ते दिसेल तर मी कसली?

दोऱ्यांच्या खालच्या टोकाशी, खांद्याच्या पट्ट्यांजवळ, मोठ्या रुमालाएवढं एक चौकोनी कापड होतं. चार कोपऱ्यांना चार कड्या आणि छत्रीच्या सगळ्या दोऱ्या त्या कड्यांमधून ओवलेल्या. आमच्या गोल छत्र्यांना असलं काही नव्हतं. भाऊ शेजारी उकिडवा बसला होता. त्याने ते बोटाने हलवून बघितलं.

"ताई, हे दोऱ्यांवरून वर सरकतंय. हे वर घ्यायचं असेल का?"

"राहू दे."

"त्या कागदावर काहीतरी—"

"अरे, प्रवासात दोऱ्या गुंतू नयेत म्हणून बांधलेलं असतं ते. मला शिकवतोस? त्या लंगड्याची हवा लागली का तुला?"

त्याने त्या कापडावरचा हात काढला. तो माझ्याशी कधी वाद घालायचा नाही. मला खरंच माहीत नव्हतं ते कापड कशासाठी आहे. "माहीत नाही" हे दोन शब्द म्हणायला माझी जीभ झडली असती काय? खाली वाण्याकडे फोन होता. नौपाड्याला एक फोन लावायचा, विचारायचं, परत वर यायचं. पंधरा मिनिटांचं काम. मी नाही केलं. ते कापड मी होतं तिथेच खाली ठेवलं, घड्या घातल्या, पिशवी बंद केली. सवयीने चिठ्ठीवर सात आकडा लिहून आत सरकवला. भावाने फोन करून गल्फवाल्याला कळवलं, भरून झाली. तो म्हणाला, "बघायला तरी आणा रे." कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. माझी कात्री, आईचं शिवणयंत्र, विळी, भावाची सायकल. आईने छत्रीची पिशवीही पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग दुर्गाडीच्या देवीचा लाल दोरा घेऊन ती कुठे बांधावा ते बघत बसली. छातीवरच्या लोखंडी कडीला हात लावायचा नाही हे तिला पाठ होतं, म्हणून ती जागा तिने कटाक्षाने टाळली. मांडीच्या पट्ट्यावर तिला चामड्याचा एक गोंडा दिसला. शोभेचा असेल असं वाटून पट्टा आणि गोंडा मिळून तिने सात वेढे घातले आणि डोळे मिटून गाठ मारली. तो गोंडा म्हणजे ती मूठ.

भावाने ते पाहिलं. तो मला हळूच म्हणाला, "कच्चा दोरा आहे, हिसड्याला तुटेल. तिच्या मनाला बरं वाटतंय ना, राहू दे." मीही म्हटलं राहू दे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही शहाडच्या पुढे त्या रानात उभे होतो. मी, आई, आणि खुर्चीवर प्लास्टरचा पाय लांब करून गल्फवाला, डोळ्यांना दुर्बीण. भाऊ विमानातून येणार होता. लाउडस्पीकरवर कोणीतरी घसा फोडत होतं. विमान आलं. आईने माझा दंड धरला. विमानातून एक ठिपका सुटला आणि गल्फवाला मोठ्याने मोजू लागला, एक, दोन, तीन. चार. पाच. "अरे फेक! फेक ना!" मग काहीतरी पांढरं दिसलं आणि त्यामागून आवाज आला, ओली चादर दगडावर आपटल्यासारखा. इतक्या लांबून तो आवाज यायला नको होता. गल्फवाल्याचा चेहराच उतरला. छत्री उघडली होती पण एका बाजूने फाटली होती, आणि तिच्याखाली माझा भाऊ गोल गोल फिरत खाली येत होता, हातपाय न हलवता. राखीवच्या कडीकडेही त्याचा हात गेला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं कसरत आहे.

तो शेताच्या बांधावर आपटला. मी धावले. माझ्या आयुष्यात मी तशी कधी धावले नाही. झटक्याने हरपलेली शुद्ध परत आली होती. डाव्या मांडीचं हाड बाहेर आलेलं आणि तो मला म्हणत होता, "आईला इकडे येऊ देऊ नको गं ताई."

पुढचे तीन महिने ठाण्याच्या एका इस्पितळात. मांडीत सळई, नडगीत स्क्रू, पुन्हा उघडा, पुन्हा बंद करा. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो दीड इंच आखूड झाला आणि गुडघा वाकेना. मैदानी परीक्षेचं बोलावणं आलं ते मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं.

त्या पहिल्या आठवड्यातली एक दुपार मात्र मी सांगणार आहे, बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल. गल्फवाला कुबडी घेऊन भेटायला आला. बरोबर ती फाटकी छत्री. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला, आम्हाला वाटलं झोपलाय. आई त्याच्या पायाशी स्टुलावर. गल्फवाल्याने पिशवीतून दोऱ्या बाहेर काढल्या आणि ते चौकोनी कापड बोटांत धरलं.

"हा स्लायडर. भरताना हा दोऱ्यांवरून वर, अगदी छत्रीला टेकवून ठेवायचा. छत्री उघडताना तो हळूहळू खाली घसरतो, म्हणून ती सावकाश उघडते. तो वर नसेल तर एका क्षणात फाट्‌कन उघडते. माणसाची मान मोडायची." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता तो खालीच सापडला, पण उघडून झाल्यावर तो खालीच येतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. भरताना तुम्ही वर घेतला होता ना?"

मी म्हटलं, "हो. म्हणजे काय! मला एवढं कळत नाही का?"

अगदी माझ्या नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं. आवाज कापलासुद्धा नाही. त्याने मान डोलावली. म्हणाला, मग एकच कारण उरतं. मांडीच्या पट्ट्यावर लाल दोऱ्याचे तुकडे होते. मूठ पहिल्या हिसड्याला निघाली नसणार. त्यात दोन-तीन सेकंद गेले, तेवढ्यात खाली पडायचा वेग वाढला, त्या वेगात छत्री उघडली म्हणून झटका बसला आणि कापड फाटलं. सरळ हिशेब होता. "कोणी बांधला तो दोरा?" त्याने विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

आई स्टुलावरून उठली. "मी," म्हणाली. पदर तोंडाला लावून बाहेर व्हरांड्यात गेली. मी तिच्यामागे जायला हवं होतं. तेव्हाच जायला हवं होतं. मी भावाकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते. गॅलरीत त्याने मला विचारलं होतं, हे वर घ्यायचं असेल का. त्याने सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने पुन्हा डोळे मिटले.

मी कारखान्यात जाऊन सुपरवायझरना सांगितलं, मला परत शिलाईवर टाका, माझा हात कापतो. त्यांना वाटलं भावाच्या धक्क्याने. पिशवीत हात घातला की मला घाम फुटायचा, हे खरंच होतं. कारण मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

आई बदलली. दुसऱ्या वर्षी खंडेनवमी आली आणि तिने पाट मांडलाच नाही. मी म्हटलं, "आई, पूजा?" तर म्हणाली, "तू कर. माझा हात नको लागायला." भाऊ परीक्षेला, मुलाखतीला निघाला की ती त्याच्या हातावर दही घालायची, ते बंद झालं. देवीचा अंगारा त्याच्या कपाळाला लावणं बंद झालं. तो उंबऱ्यातून लंगडत बाहेर पडायचा आणि ती स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत राहायची. लोकांना वाटायचं म्हातारी कठोर आहे. एकदा शेजारच्या काकूंनी तसं बोलूनही दाखवलं. मी त्यांच्यावर अशी डाफरले की वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आईची बाजू घेऊन भांडायला मी सगळ्यांत पुढे. खरं बोलायला मात्र तोंडाला कुलूप.

भावाला स्टेशनजवळ एक एसटीडी बूथ मिळाला. अपंगांसाठीच्या यादीत नाव लागलं म्हणून मिळाला, आणि ते पत्र आलं त्या दिवशी आई अंथरुणातून उठली नाही. बूथ चांगला चालला. नव्वदीच्या मध्यावर त्याचं लग्न ठरलं. मुलगी बालवाडीत शिकवायची, पायाचं सगळं सांगून ठरलं, हसतमुख पोरगी. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधायच्या होत्या. आमच्यात त्या आईने बांधायच्या. गुरुजींनी दोनदा हाक मारली. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मला म्हणाली, "तू बांध गं. तुझा हात चांगला आहे."

तुझा हात चांगला आहे! त्या भरल्या हॉलमध्ये मला ओरडावंसं वाटलं. मी पुढे झाले आणि भावाच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. गाठ तीनदा सुटली. तो खाली बघून हळूच म्हणाला, "ताई, आवर. सगळे बघतायत."

लग्नानंतर एका दुपारी मी बूथवर गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, "तुला माहितीये ना." तो म्हणाला, "माहितीये." मी रडायला लागले. आयतं रडू येतं मला, तेही मला आवडत नाही. तो म्हणाला, "मी पण न तपासता घातली ना गं. विचारून गप्प बसलो. परत विचारायला हवं होतं, त्याला फोन करायला हवा होता. माझ्याकडे काय रडतेस? माझं तुझ्याशी काही भांडण नाही. जिला सांगायचं तिला सांग." एवढं बोलून त्याने एका गिऱ्हाइकाला आत घेतलं. त्यावरही मी दोन वर्षं घालवली. आज सांगू, दिवाळी होऊ दे, तिला ताप आहे, तिचा उपास आहे. सबबींना काय तोटा?

मग त्याला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या आजीने बांधायच्या होत्या. सुनेने कौतुकाने आईपुढे बाळ धरलं. आई मागे सरली. "नको गं बाई, मी नाही. मी बांधलेलं सोसत नाही कोणाला." हसून म्हणाली ती, पाहुण्यांसमोर बोलावं तसं. सुनेचा चेहरा पडला. तिला वाटलं, मुलगी झाली म्हणून सासूबाई हात लावत नाहीत. त्या बिचारीचा काय दोष? माझ्या एका खोट्याची झळ आता दुसऱ्या घरातून आलेल्या पोरीला आणि बारा दिवसांच्या बाळाला लागत होती. त्या क्षणी माझं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. गल्फवाल्याचं ताडपत्री म्हणणं, गायब पानं, न लावलेला फोन, गॅलरीत भावाने विचारलेला प्रश्न, माझं "राहू दे". ते चौकोनी कापड मी खालीच ठेवलं होतं हे सांगितलं. इस्पितळात मी हो म्हटलं ते खोटं होतं हे सांगितलं. "तुझा दोरा दुसऱ्या हिसड्याला तुटला गं आई. त्याने काही झालं नाही. झालं ते मी भरलेल्या छत्रीने झालं."

ती मेथी निवडत राहिली. माझं बोलणं संपल्यावर तिने हातातली काडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेने पाहिलं की माझ्या अंगावर काटा आला.

"काल बारशात मी तसं बोलले म्हणून ना?"

"नाही आई. खरं सांगतेय."

"तू लहानपणापासून अशीच. त्याने काही फोडलं की मीच फोडलं म्हणून पुढे यायचीस." तिने ओल्या हाताने माझा गाल पुसला. "तोही मला असंच सांगून बसलाय. लग्नाच्या आधी. आई, दोऱ्याचं काही नाही, मीच नीट तपासली नाही म्हणाला. आता तू म्हणतेस मीच नीट भरली नाही. दोघंही माझ्यासाठी अंगावर घेताय. मला काय कळत नाही?"

"आई, देवाशपथ—"

"शपथा नको घालूस. तुझ्या हातची छत्री कधी परत आली होती का? सांग बरं. सहा वर्षांत एक तरी?"

आली नव्हती. मीच तर घरभर ते मिरवत होते. मी ओरडले, रडले, जमिनीवर हात आपटला, भावाला बोलावून आणते म्हणाले. ती म्हणाली, "बरं बाई, तुझीच चूक. झालं समाधान? ऊठ, चहा टाक." तिला वाटलं, मला असं म्हटलं की बरं वाटेल. त्यानंतर मी आणखी तीनदा सांगितलं. एकदा भावाला शेजारी बसवून. दर वेळी ती तशीच हसली, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून तिने हात उचलला की मधेच आठवण होऊन मागे घेतला.

नातीला तिने शेवटपर्यंत काही बांधलं नाही. आई गेली ती स्वतःला दोष देतच गेली. आणि मी लग्न न करता घरासाठी राहिले, वर भावाची चूक, आईची चूक स्वतःवर घ्यायला निघाले, म्हणून ती जाईपर्यंत येईल त्याला सांगत राहिली, की मुलगी असावी तर अशी.